लेकीची सायकल

लेकीची २४ इंची सायकल विकायची ठरवून सकाळी मी ती शहापुरातील एका दुकानात नेली, तेव्हा दुकानदाराने टायर दाबून पाहत सांगितलेली किंमत जवळपास भंगाराचीच होती. मोबाईलवर जाहिरात दिली, तर एकाने सायकल न पाहताच होकार देऊन क्यूआर कोड पाठवला आणि पैसे मिळण्यासाठी तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितले. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावाच लागत नाही, हे ठाऊक असल्याने मी तिथेच थांबलो. मग चेनला तेल दिले, ब्रेकचे रबर बदलले आणि गल्लीत सांगून ठेवले. संध्याकाळी वडगावचे एक विणकर मुलीला घेऊन आले. फ्रेमवर कोरलेला क्रमांक मी त्यांना दाखवला व पावतीवरही लिहून दिला. मुलीने घंटी दोनदा वाजवली. मी २०० रुपये आपणहून कमी केले.