तुम्ही विचारलंत म्हणून: तो हात मिळत का नाही?

"नुसतं मनात आणलं की यंत्राचा हात हलतो म्हणे. मग तो अजून कुणाला मिळत का नाही?" ठाणे–वाशी लोकलमधल्या मैत्रिणी विचारतात, सोसायटीतले लोक विचारतात. नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी मेंदूच्या लहरी मोजते, तेव्हा विचारणारच. पण ऐरोली येईपर्यंत सांगून संपेल असं ते उत्तर नाही.

मनात आणलं की मेंदूत खरंच काहीतरी होतं. हात हलायच्या सेकंदभर आधीच टाळूजवळचा विद्युतदाब हळूहळू सरकायला लागतो. जर्मनीत फ्रायबुर्गला कोर्नहूबर आणि डेके यांनी १९६५ साली ते दाखवलं. दुसरी खूण आमच्या जास्त कामाची. हात स्वस्थ असला की मेंदूत हालचाल सांभाळणाऱ्या पट्ट्यावर सेकंदाला आठ ते तेरा वेळा डुलणारी एक लहर असते. हात उचलायला घेतला की ती दबते; उजवा हात असेल तर मुख्यतः डावीकडची. नुसती कल्पना केली तरी दबते. कॉम्प्युटर ते दबणं ओळखतो आणि यंत्राला 'मूठ मिट' म्हणून सांगतो. मनातलं वाचणं वगैरे काही नाही. शेजारच्या खोलीत कुणीतरी उठलं एवढं कळतं, कशाला उठलं ते नाही.

आणि तेवढं कळायलाही केवढी मारामार! डोक्यावर मिळणारा सिग्नल असतो पन्नासेक मायक्रोव्होल्टचा, म्हणजे घड्याळातल्या सेलच्या तीस हजाराव्या हिश्शाएवढा. पापणी लवली की त्याहून कितीतरी मोठी लाट येते. दात आवळले की जबड्याचे स्नायू गोंधळ घालतात. भिंतीतल्या वायरिंगची पन्नास हर्ट्‌झची घरघर तर कायमचीच. येणाऱ्याला मी आदल्या दिवशी फोन करून एकच विनवणी करते: डोक्याला तेल लावू नका. तरी कुणीतरी चपचपीत खोबरेल थापून येतंच, कारण आईने सांगितलेलं असतं, डोक्याचं काम आहे, तेल लावून जा. मग शाम्पू, टॉवेल, पंख्याखाली केस वाळवणं. त्यानंतर इलेक्ट्रोडांची, म्हणजे सिग्नल टिपणाऱ्या चकत्यांची, टोपी चढवून एकेका भोकातून बोथट सुईने केस बाजूला करायचे आणि जेल सोडायचं. एवढं होईपर्यंत माणूस पेंगायला लागतो, आणि पेंगणाऱ्या मेंदूच्या लहरी आणखीच वेगळ्या.

ज्या व्हिडिओंमुळे तुम्ही हा प्रश्न विचारता, त्यांतले बरेच टोपीचे नसतातच. अमेरिकेतल्या ब्रेनगेट प्रयोगात एका बाईंनी रोबोटच्या हाताने बाटली उचलून स्वतः कॉफी प्यायली. पक्षाघाताने त्यांचे हातपाय गेले त्याला तेव्हा जवळजवळ पंधरा वर्षं झाली होती. तो प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्यांच्या मेंदूत ऑपरेशन करून शहाण्णव सुयांची, नखाहून लहान चकती बसवलेली होती. सिग्नल रोज थोडे बदलतात, म्हणून यंत्राला पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं. सुयांभोवती मेंदू हळूहळू व्रणासारखी ऊती धरतो. ज्याच्या मानेखालचं सगळं बंद आहे, त्याच्यासाठी हा धोका पत्करण्यात अर्थ आहे. बाकीच्यांसाठी? माझं मत विचाराल तर नाही.

हे मला पटलं ते एका दादांमुळे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली त्यांचा उजवा पंजा मनगटापासून गेलेला. आमच्या चाचणीला ते हौसेने आले. "नसलेली मूठ मिटा," असं म्हटलं की डोळे मिटून मिटायचे, आणि पडद्यावर डावीकडची लहर खरंच दबायची. पण दहात तीन-चार वेळा कॉम्प्युटर चुकायचा. मधेच माझं लक्ष त्यांच्या कोपराखाली गेलं. मूठ मिटताना तिथे कातडीखाली स्नायू ठसठशीत फुगत होता. बोटं ओढणारे स्नायू तिथेच तर असतात! बोटं गेली, पण स्नायू जागेवर होते. मेंदूचा हुकूम इथपर्यंत धडधडीत पोचत होता, आणि आम्ही तो डोक्याच्या कवटीवर कान लावून ऐकत बसलो होतो.

टोपी काढली. कोपराखाली आतल्या बाजूला दोन, बाहेरच्या बाजूला दोन असे इलेक्ट्रोड हातालाच चिकटवले. टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या पंजाने पहिल्याच मिनिटात पाण्याची बाटली धरली. असे स्नायूंवर चालणारे पंजे बाजारात कधीचे मिळतात. महाग आहेत, आणि अडचण खरं तर तिथे आहे. त्यांना मी तेच सांगितलं. माझ्या प्रबंधाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

ते बराच वेळ पंजा उघडत-मिटत बसले. मग म्हणाले, "मॅडम, ह्याने लोकलची कडी धरता येईल?"

"नको. धक्का बसला की सुटेल."

"मग डबा ह्यात," ते म्हणाले, "आणि कडी डाव्या हाताने." आणि माझ्या डब्याची पिशवी उचलून बघायला लागले.