चर्च स्ट्रेटनच्या डोंगरवाटा: चढायचं कुठून, उतरायचं कुठून

इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातलं चर्च स्ट्रेटन हे दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या खोऱ्यात वसलेलं छोटं गाव. पश्चिमेला लाँग मिंडचं लांबलचक पठार, पूर्वेला केअर कॅराडॉक आणि रॅग्लेथ हे सुटे, उभ्या चढाचे डोंगर. श्रूजबरी-हेरफर्ड रेल्वेमार्गावरचं स्टेशन गावातच असल्यानं गाडीतून उतरलं की थेट धावायला सुरुवात करता येते. बर्मिंगहॅमहून येणाऱ्यांनी श्रूजबरीला गाडी बदलायची. रविवारी गाड्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधी बघून मगच धाव आखावी. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे एक्सप्लोरर 217.

गाव साधारण 190 मीटरवर आहे आणि लाँग मिंडचा माथा, पोल बँक, 516 मीटरवर. आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्यांना हा चढ किरकोळ वाटेल, कारण तो त्याच्या जेमतेम निम्मा आहे. इथे माणसं दमून अडकत नाहीत. ती चुकीच्या दरीत उतरून अडकतात.

बहुतेक जण कार्डिंग मिलच्या खोऱ्यातून वर जातात आणि अ‍ॅशेस हॉलोनं लिटल स्ट्रेटनला उतरतात. धावणाऱ्यानं हीच फेरी उलटी करावी. अ‍ॅशेस हॉलोची वाट ओढ्याच्या काठानं जाते, तो पुन्हा पुन्हा ओलांडते आणि मधे काही ठिकाणी ओल्या खडकांवर हात टेकावे लागतात. चढताना हे मजेचं आहे. उतरताना मात्र दर पन्नास पावलांवर वेग कमी करावा लागतो आणि घोटा मुरगळतो तो इथेच. दुसरं कारण धुक्याचं. पठारावरून बघितलं की सगळ्या दऱ्यांची तोंडं सारखीच दिसतात, त्यामुळे अ‍ॅशेस हॉलोचं तोंड वरून शोधणं अवघड. खालून चढलं तर शोधायचा प्रश्नच उरत नाही.

तर स्टेशनवरून दक्षिणेला लिटल स्ट्रेटनपर्यंत सुमारे दोन किलोमीटर सपाट रस्ता, अंग गरम करायला उत्तम. गवती छपराचं छोटं चर्च दिसलं की उजवीकडे वळून ओढा ओलांडायच्या उथळ जागेजवळून, तंबूंच्या मैदानाच्या कडेनं दरीत शिरायचं. बाजूनं लहान ओढे येऊन मिळतात. मोठ्या ओढ्याला धरून राहावं. वरच्या टोकाला बॉइलिंग वेल नावाची दलदलीची जागा लागते. तिथली चमकदार हिरवी शेवाळी जमीन टाळावी, पाय नडगीपर्यंत आत जातो. मग डांबरी रस्ता ओलांडून पोल बँक. तिथल्या दिशादर्शक चकतीवर आजूबाजूच्या डोंगरांची नावं कोरलेली आहेत.

माथ्यावरून ईशान्येकडे पोर्टवे या प्राचीन वाटेनं निघायचं. शूटिंग बॉक्स नावाच्या जागेच्या पुढे उजवीकडे मॉट्स रोड फुटतो. रुंद, खडीची, सलग उताराची ही वाट एकोणिसाव्या शतकात डॉक्टर मॉट यांना डोंगरापलीकडच्या पेशंटांकडे जाता यावं म्हणून सुधारली गेली. पाय मोकळे सोडायचे ते इथे. ती कार्डिंग मिलला नॅशनल ट्रस्टच्या चहाघरापाशी उतरते (शौचालयंही तिथेच), आणि तिथून स्टेशन जेमतेम दीड किलोमीटर. फेरी साधारण 12 किलोमीटरची. सपाटीवर 12 किलोमीटरला जो वेळ लागतो त्यात दर 100 मीटर चढाला 10 मिनिटं मिळवावीत. हिवाळ्यात चिखलासाठी आणखी वीस.

बरवे या घाटरस्त्यानं उतरण्याचा मोह टाळावा. रस्ता अरुंद आहे, कडेला कठडा नाही आणि गाड्या समोरून येतात. गुरं अडवण्यासाठी रस्त्यात बसवलेल्या लोखंडी नळ्या ओल्या असताना भयंकर निसरड्या होतात, म्हणून बाजूच्या फाटकातून जावं.

धुकं किंवा बर्फ असेल तर पठारावर जाऊच नये. जानेवारी 1865 मध्ये डोनाल्ड कार हे पाद्री डोंगरापलीकडच्या रॅटलिंगहोप गावातली प्रार्थना आटोपून डोंगर ओलांडून घरी निघाले. वाट त्यांच्या रोजच्या सवयीची होती, तरी हिमवादळात चुकले, रात्रभर घळींमधून घसरत राहिले आणि दुसऱ्या दिवशी कसेबसे कार्डिंग मिलच्या खोऱ्यात पोचले. आज होणारी चूक इतकी भीषण नसली तरी त्याच जातीची असते: पठारावर दिशा फिरते आणि माणूस पश्चिमेला उतरतो. मग पुन्हा डोंगर चढा, नाहीतर त्याला लांबलचक वळसा घाला. वर असताना शंका आली तर होकायंत्र काढून पूर्व बघावी. स्टेशन त्याच बाजूला आहे.

केअर कॅराडॉक 459 मीटर उंच, माथ्यावर लोहयुगातल्या किल्ल्याचे तट. गावातून सिग्नलपाशी ए49 हा मोठा रस्ता ओलांडून जायचं. दक्षिणेची धार इतकी उभी आहे की चालावंच लागतं. ती चढायलाच ठेवावी, कारण ओल्या गवतावरून तिथे उतरणं म्हणजे घसरगुंडी. उत्तरेला कोमलीच्या बाजूनं उतरून पूर्वेकडच्या खिंडीतल्या घोडवाटेनं परत यावं. या बाजूला कुरणं लागतात. वासरांसह गायी असतील तर कळपातून धावू नये, चालत लांबून वळसा घ्यावा. त्यांना पळणारा माणूस खपत नाही, कुत्रा तर अजिबातच नाही. पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा म्हणजे घोडवाट. धावायला दोन्ही चालतात, पण निळ्या वाटेवर सायकलीही येतात.

जुलै ते सप्टेंबर ब्रॅकन नावाचं नेचं कमरेच्या वर वाढतं. अरुंद वाटा गडप होतात आणि गोचिड्या चिकटतात. त्या दिवसांत रुंद वाटा निवडाव्या आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत नीट तपासावं. गोचीड बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. नंतरच्या आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा उमटला तर लगेच डॉक्टर गाठावा.

बूट खोल खाचांच्या तळव्याचे हवेत. रस्त्यावरचे बूट पहिल्या ओढ्यापर्यंतच साथ देतात. माथ्यावर गावापेक्षा दोनेक अंश थंड, शिवाय वारा, म्हणून जूनमध्येही विंडचीटर कमरेला असावा. वर नळ नाही आणि ओढ्यात मेंढ्या असतात, त्यामुळे अर्धा लिटर पाणी बरोबर न्यावं. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी दोननंतर मोठी फेरी सुरू करू नये. दऱ्यांमध्ये मोबाइलच्या सिग्नलचा भरवसा नाही. शिट्टी जवळ ठेवावी: मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. फोन लागला तर 999 या आणीबाणीच्या नंबरवर पोलिसांकडे माउंटन रेस्क्यू मागायचं. घरून निघतानाच 999 ला इंग्रजीत ‘रजिस्टर’ असा मेसेज पाठवून नोंदणी केली, तर बोलण्याइतका सिग्नल नसतानाही मेसेजनं मदत मागता येते.