म्हातारे, स्टेनगन आणि बार्ज

रविवारची दुपार, जेवण अंगावर आलेलं, चॅनेल बदलता बदलता बोट थांबतं. पडद्यावर साठी ओलांडलेले चार-पाच साहेब पोटं आत ओढून रांगेत उभे असतात. समोरचा अधिकारी त्यांच्याकडे भाजीवाल्याच्या टोपलीत उरलेल्या वांग्यांकडे बघावं तसा बघत असतो. एवढं दिसलं की पुढचं सगळं ठाऊक असतं आणि तरी उठवत नाही.

या सिनेमांची रीत ठरलेली. सरकारला एक काम करायचं असतं, पण आपण केलं असं दिसू द्यायचं नसतं. मग कुणाला तरी जुना सवंगडी आठवतो. जमवाजमव होते. एकाचा गुडघा गेलेला, एकाला चष्म्याशिवाय नकाशा दिसत नाही, एकाने बायकोला खरं सांगितलेलं नाही. सरावात धापा टाकायच्या, दोरीवरून पडायचं, रात्री जास्त प्यायची, आणि मग कामाच्या वेळी सगळ्यांच्या अंगात वीज संचारायची. जमवाजमव हा या सिनेमांचा सगळ्यात सुंदर भाग, हे माझं ठाम मत. गोळीबार सुरू झाला की निम्मी मजा संपते.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला या प्रकारातला एक सिनेमा जवळचा वाटायला हवा, कारण तो गोव्यात घडतो आणि बराचसा चित्रितही तिथेच झालाय. ‘द सी वुल्व्ज’, 1980 चा, 1943 च्या एका खऱ्या ब्रिटिश मोहिमेवर बेतलेला. ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन, ट्रेव्हर हॉवर्ड, आणि दोन बॉन्डपटांच्या मधल्या मोकळ्या वेळात आलेला रॉजर मूर. चित्रीकरणाच्या वेळी निव्हन सत्तरीला टेकलेला, हॉवर्ड पासष्टीपुढे, पेक त्रेसष्टचा. गंमत अशी, की पेकने मोहिमेच्या ज्या म्होरक्याची, लुईस प्यू यांची, भूमिका केली, ते प्रत्यक्ष मोहिमेच्या वेळी पस्तिशीत होते. म्हणजे सिनेमाने माणसं तरुण करायची सोडून चक्क म्हातारी केली. हिंदी सिनेमात चाळिशीचा नायक कॉलेजात जातो, त्याच्या अगदी उलट. आणि ते शोभतंही. पेकचा इंग्रजी ढंगाचा उच्चार मात्र शोभत नाही. तो दर तिसऱ्या वाक्याला अमेरिकेला परत जातो.

निव्हनकडे बघताना वेगळं वाटतं. तो खऱ्या युद्धात होता. हॉलिवूडमधलं चालतं काम सोडून 1939 मध्ये मायदेशी परतला आणि ब्रिटिश फौजेत गेला. पडद्यावर तो फारसं काही करत नाही, नुसता उभा राहतो, टोपी नीट करतो. बंदूक हातात आली की मात्र तिचं वजन त्याला आधीपासून माहीत असल्यासारखा धरतो.

बंदुकीचं निघालंच आहे तर एक खटकणारी गोष्ट सांगून टाकतो. स्टेनगन, म्हणजे त्या युद्धातली ब्रिटिशांची सुटसुटीत मशीनगन, हातात आली की सिनेमातले लोक डाव्या हाताने बाजूला आलेलं मॅगझिन मुठीत धरतात आणि कमरेवरून फवारा सोडतात. स्टेनबाबत हेच करू नये. मॅगझिनवर जोर आला की ते खोबणीत तिरकं बसतं, गोळी सरळ आत जात नाही आणि बंदूक अडकते. हात नळीभोवतीच्या जाळीदार आवरणावर किंवा मॅगझिनच्या खोबणीखाली असायला हवा. मॅगझिनमध्ये गोळ्या मावतात 32, पण जाणकार 28 ते 30 च भरत, कारण गच्च भरलं की स्प्रिंगवर ताण येतो आणि वरची गोळी सुटत नाही. आणि भरलेली, झाडायला तयार ठेवलेली स्टेन जमिनीवर आपटली तर आपोआप सुटू शकते. शिडीवरून अंधारात चढणाऱ्या, धाप लागलेल्या पन्नाशीच्या माणसाच्या गळ्यात ती लटकत असेल, तर त्याच्या खाली चढणाऱ्याची काळजी करायला हवी. सिनेमात ती कुणीच करत नाही.

मूळ प्रकरण असं. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. मुरगावच्या बंदरात तीन जर्मन मालवाहू जहाजं आसऱ्याला येऊन पडलेली: एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स. सोबत एक इटालियन, आन्फोरा. एरेनफेल्सवरच्या चोरट्या रेडिओवरून दोस्तांच्या जहाजांच्या बातम्या पाणबुड्यांना जातात, असा ब्रिटिशांचा संशय. हे जहाज काही साधं भांडं नव्हतं. त्याच घराण्यातल्या गोल्डेनफेल्स आणि कान्डेलफेल्स या बहिणींवर जर्मनांनी तोफा चढवून ‘अटलांटिस’ आणि ‘पिंग्विन’ अशी छुपी लढाऊ जहाजं केली होती, आणि त्यांनी हिंदी महासागरात पुष्कळ धुमाकूळ घातला होता. तेव्हा हे तिसरं पाखरू पिंजऱ्यातच राहावं, असं कुणाला वाटलं तर नवल नाही.

पण तटस्थ बंदरात फौज पाठवायची कशी? पोर्तुगाल आणि इंग्लंड यांचा दोस्तीचा करार 1373 पासूनचा. शिवाय इंग्रजांना अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर तळ हवा होता. तो पुढे 1943 च्या ऑक्टोबरात मिळालाही. अशा वेळी गणवेशातला एक जरी माणूस मुरगावात सापडला असता तर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्यासमोर मान खाली घालावी लागली असती. म्हणून गुप्त कारवायांच्या खात्याने कलकत्त्याकडे बघितलं. तिथे 1872 पासूनची ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ ही हौशी घोडदळ पलटण होती. सदस्य म्हणजे कंपन्यांमधले गोरे साहेब, ज्यूटचे व्यापारी, हिशेबनीस. घोड्यापेक्षा क्लबाच्या बारशी जास्त सलगी. त्यातले चौदा आणि ‘कलकत्ता स्कॉटिश’मधले चार निघाले. पगार नाही, पदक नाही, आणि पकडले गेलात तर आम्ही तुम्हाला ओळखत नाही.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे येतो. या सगळ्या कहाणीत मला सगळ्यात जास्त आवडते ती फीबी. फीबी म्हणजे नदीचा गाळ वाहणारी हॉपर बार्ज. हुगळीत गाळ काढायचं काम कधी संपतच नाही. काढलेला गाळ बार्जच्या मधल्या हौदात भरायचा, लांब न्यायचा आणि तळाची दारं उघडून सोडून द्यायचा. एवढ्यासाठी बनवलेलं हे वाहन. मांडवी-झुआरीतून खनिज नेणाऱ्या बार्ज ज्यांनी पाहिल्यात त्यांना या जातीची ठेवण वेगळी सांगायला नको: तळ सपाट, काठ पाण्यापासून हातभर वर, चाल जेमतेम. नदीत ठीक. समुद्रात मात्र लाट बाजूने आली की सपाट तळ तिला कापत नाही, तिच्याबरोबर अख्खा कलंडतो. तळाच्या दारांच्या फटींतून हौदात पाणी येत-जात राहतं, आणि ते हौदातलं पाणी लाटेच्या तालावर एका बाजूला धावलं की कलंडणं आणखी वाढतं.

या बार्जमधून हुगळीतून बंगालच्या उपसागरात, सिलोनला वळसा घालून कोचीन, आणि तिथून किनाऱ्याने वर गोवा. अदमासे एकोणीसशे सागरी मैल. ताशी आठ-नऊ मैलांची चाल धरली तरी नऊ-दहा दिवस यंत्र न थांबता चालायला हवं. साहेब मंडळींतले बहुतेक जण आगगाडीने कोचीनपर्यंत आले आणि तिथे चढले, हे शहाणपणाचं झालं. आठवडाभर उलट्या करून उतरलेला माणूस शिडी चढत नाही.

आणि तरी निवड अचूक होती. बंदरात गाळाची बार्ज शिरली तर कोण मान वर करून बघतं? करड्या रंगाची विनाशिका असती तर किनाऱ्यावरच्या तोफेला आधी जाग आली असती.

दिवसही नीट निवडलेला. 9 मार्च 1943, मंगळवार. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, म्हणजे कार्निव्हलचा, गोंयकारांच्या इंत्रुजचा, हा शेवटचा दिवस. खलाशांना किनाऱ्यावर ओढून नेणाऱ्या मेजवान्यांची आणि बाकी मौजेचीही सोय करून ठेवलेली होती. त्यात आकाशाने साथ दिली: फाल्गुनातली तीज-चौथ, कोवळी कोर रात्री लवकर मावळून गेलेली. सिनेमात मात्र त्या रात्री इतका निळा उजेड आहे की पेपर वाचता यावा. कॅमेरावाल्यांचाही इलाज नसतो.

पुढचं काम कागदावर सोपं. शिड्या लावायच्या, वर चढायचं. पण रिकामं मालवाहू जहाज पाण्यातून भिंतीसारखं वर आलेलं असतं आणि बार्जचा काठ तळाशी हलत असतो. शिडीवर पाय ठेवायचा तो बार्ज लाटेच्या माथ्यावर असताना. खाली जाताना ठेवला तर शिडी हाताखालून सरकते, आणि वर येताना उशीर केला तर बार्जचा काठ आणि जहाजाचा पत्रा यांच्यामध्ये घोटा सापडतो. वर गेल्यावर एकाच वेळी चार ठिकाणी पोहोचायचं: चालकाचा कक्ष, रेडिओची खोली, नांगराच्या साखळ्या आणि इंजिनघर. जहाज ओढून बाहेर न्यायचं ठरलेलं, म्हणून साखळ्या सुरुंगाने तोडायच्या.

इथे सिनेमा जे कधीच नीट दाखवत नाही ते म्हणजे इंजिनघर. नायक नेहमी वर धावतात, कारण वर काचा असतात आणि कॅमेऱ्याला जागा असते. जहाज बुडतं मात्र खालून. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारे मोठे व्हॉल्व्ह पाण्याच्या पातळीखाली असतात. चाक फिरवून ते उघडले आणि पुढचा नळ मोकळा ठेवला, की समुद्र आपसूक आत येतो. हल्लेखोराला डेकवरून तिथपर्यंत पोहोचायला तीन-चार उभ्या लोखंडी शिड्या अंधारात उतरायच्या असतात. खलाशी तिथे आधीच उभा असतो. त्यात साडेतीन वर्षं एका जागी पडून राहिलेलं जहाज. तळाला कालवं-शिंपल्यांचं पुटं चढलेलं, डिझेल इंजिन सुरू करायला 25 ते 30 बार दाबाची हवा टाक्यांमध्ये भरलेली हवी, ती कोण भरून ठेवणार? आणि साडेसात हजार टनांच्या वर भरणारं हे धूड फीबीने भरती-ओहोटीच्या धारेत खेचून न्यायचं! ही कल्पना नक्की संध्याकाळी सातनंतर सुचलेली असावी.

व्हायचं तेच झालं. एरेनफेल्सच्या कप्तानाला, रोफरला, गोळी लागून मरण आलं. जहाजाला खलाशांनीच जलसमाधी दिली. ज्वाळा दिसताच उरलेल्या तिन्ही जहाजांवरच्या लोकांनीही आपापली जहाजं बुडवली. म्हणजे एकाला ओढून न्यायला गेले आणि चार बुडाली. फीबी आपली माणसं घेऊन, एकही न गमावता, निघून गेली. प्रकरण पस्तीस वर्षं दाबून ठेवलं गेलं. 1978 मध्ये त्यावर पुस्तक आलं आणि दोन वर्षांत सिनेमा. त्या रेडिओमुळे खरंच किती जहाजं बुडत होती यावर आजही एकमत नाही. सिनेमाला अर्थातच शंका नाही. बार्बरा केलरमनची सुंदर हेर त्यात कुठून आली, हे विचारायचं नसतं.

सिनेमातला गोवा छान दिसतो. माड, घरांपुढचे बलकांव म्हणजे बसायचे ओटे, पांढरी चर्चं. गोंयकार मात्र नाचतात, पेले भरतात आणि वाटेतून बाजूला होतात.

कलकत्ताही तसाच. हिरवळ, क्लब, बर्फाच्या तुकड्यांचा आवाज. पण हे 1943 साल आहे. आदल्याच वर्षी जपानी येतील या धास्तीने सरकारने बंगालच्या किनारपट्टीवरच्या दहाहून जास्त माणसं नेऊ शकणाऱ्या नावा ताब्यात घेतल्या, फोडल्या, बुडवल्या. आकडा पंचेचाळीस हजारांच्या आसपास. मासेमारी गेली, तांदूळ हाटापर्यंत न्यायची वाट गेली. इतरही कारणं होतीच: बर्मा पडल्याने तिकडचा तांदूळ बंद, ऑक्टोबरातलं वादळ, साठेबाजी, भडकलेले भाव. फीबी परतीला लागली तेव्हा खेड्यांत तांदूळ हाताबाहेर जात होता, आणि पावसाळा संपेपर्यंत त्या क्लबाच्या फाटकाबाहेरच्या रस्त्यांवर भाताची पेज मागणारी माणसं मरून पडत होती. एकूण मेले त्यांची संख्या तीस लाखांपर्यंत धरली जाते. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या दारात वर्षभरापूर्वी नाव बांधलेली होती.