लॉक होते, उघडत नाही

ड्रायव्हरच्या दारावरचं सेंट्रल लॉकिंगचं बटण पुढे दाबलं की चारही दारांतून खट्ट. मागे दाबलं की ढिम्म. पार्ला स्टेशनबाहेर आईला उतरवायचं, मागे रिक्षावाले हॉर्नवरचा हात काढत नाहीत आणि मी रिमोट चाचपडतेय, असं रोजचं झालं.

गॅरेजवाला म्हणाला, "ताई, मोटर गेल्यात. चारही दारांचा सेट टाकू, कटकटच नको."

"मोटर गेल्यात तर रिमोटने कशा उघडतात?"

त्याने मान खाजवली. "मग कॉम्प्युटर असेल."

कॉम्प्युटर म्हटलं की गिऱ्हाईक गप्प बसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पण रिमोटने दोन्ही होतंय म्हणजे फ्यूज, मोटर सगळं ठणठणीत. रिमोट वळसा घालतो तो फक्त बटणाला आणि त्याच्या वायरीला. त्यातही लॉक होतंय, म्हणजे बटणाची अर्थिंगची वायर शाबूत. एकच दार अडलं असतं तर त्या दाराची मोटर पाहिली असती, सगळंच बंद पडलं असतं तर आधी फ्यूज.

रविवारी लॅमिंग्टन रोडवरून कधीकाळी आणलेला मल्टिमीटर घेऊन पार्किंगमध्ये बसले. पॅनेल प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटलं. स्क्रूड्रायव्हर घातला की ओरखडे पडलेच. कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढून बटणाच्या पिनांवर मीटर लावला. लॉकच्या बाजूला स्वच्छ बीप, म्हणजे आत जोड पक्का. अनलॉकला कधी काहीच नाही, कधी जोरात दाबलं तर आकडे सैरावैरा. (काही गाड्यांत दोन्ही इशारे एकाच वायरीवर वेगवेगळ्या रेझिस्टन्सने जातात. तिथे बीपची वाट बघत बसू नका, ओहम मोजा.)

तरी वायरीवर संशय होताच. दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीत वायरी वर्षानुवर्षं वाकून आतल्या आत तुटतात, वरून आवरण धडधाकट दिसतं. वायरिंगचा नकाशा बघून कपलरमधली अनलॉकची वायर क्षणभर अर्थिंगला टेकवली. चारही दारं खट्ट! दार अर्धं, पूर्ण उघडून पुन्हा टेकवली, तरी खट्ट. वायर निर्दोष सुटली. नकाशा हाताशी नसेल तर मात्र हा उद्योग करू नका. भलतीच वायर अर्थिंगला लागली तर फ्यूज उडेल, नाहीतर खरोखरच कॉम्प्युटर जाईल.

बटण उघडलं तर अनलॉकच्या पत्तीवर हिरवट-काळा थर. काचेची रबरपट्टी कडक झालीय, पावसाचं पाणी ओघळून थेट तिथे उतरतं. शिवाय आमच्या गाडीत या बटणातून मोटरचा करंट जात नाही, नुसता इशारा जातो. इतक्या कमी करंटने थर जळून जाण्याचा प्रश्नच नाही, तो साचतच राहतो. काँटॅक्ट क्लीनर मारल्यावर बटण चाललं, पण पत्तीचा मुलामाच उडालेला, म्हणून नवं आणायला कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेले. जुनं बटण सोबत नेलं, कारण दिसायला सारखी असली तरी पिना वेगळ्या निघतात. काउंटरवरच मीटर लावला तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, सीलपॅक माल आहे."

"असू दे," म्हटलं आणि दोन्ही बाजूंचे बीप ऐकूनच पैसे दिले. रबरपट्टीही त्याच्याकडूनच घेतली.