भाकड तबकडी

ग्वाल्हेरात लष्कर नावाच्या भागात आमचं ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मागच्या उन्हाळ्यात दौलतगंजातल्या एका वाड्यातून बोलावणं आलं. वाडा पाडायचा होता आणि माळ्यावर दोनेकशे तबकड्या निघाल्या होत्या.

वाड्यातल्या काकांनी सगळ्यात वर बालगंधर्व रचून ठेवलेले. "शंभर वर्षांच्या आहेत म्हटलं!" मी गप्प. ती नाट्यपदं तेव्हा इतकी खपली की जुन्या मराठी घरात एखादी तरी सापडतेच. घरोघरी आहे त्याला संग्राहक कशाला पैसे मोजेल? नुसत्या वयावर भाव मिळता, तर लष्करातला दगडन् दगड विकला गेला असता.

त्यात नातवानं सकाळीच चार तबकड्या सॅनिटायझरनं पुसून 'चकाचक' केलेल्या. या तबकड्या लाखेच्या, त्यात दगडाची भुकटी. सॅनिटायझरमध्ये स्पिरिट, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, लाकडाचं पॉलिश तसंच तर करतात. चारही गेल्या कामातून. त्याला रागावणार तरी काय, मदतच करत होता बिचारा.

पाणी मागितलं. काकू माठातून ओतत होत्या आणि माझी नजर माठाखाली गेली. काळं, गोल, गुळगुळीत.

"काकू, हे काय?"

"अरे, ती भाकड आहे. एकाच बाजूला गाते. सासूबाईंपासून माठाखालीच."

माठ उतरवला. वरची बाजू कोरी, पाण्याची वर्तुळं उमटलेली. खाली जाजमाचा तुकडा होता, म्हणून गाणारी बाजू वाचलेली. उलटी केली आणि हात थरथरला. लेबलवर एचएमव्हीचा कुत्रा नाही, त्याच्या आधीचा, पिसानं लिहिणारा देवदूत. खाली हॅनोव्हरचं नाव. गौहरजान!

कलकत्त्यात १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनं या नामांकित गायिकेचं गाणं मुद्रित केलं. तिथला सियालदहचा तबकड्यांचा कारखाना १९०८ चा. त्याआधी मेणावरचं मुद्रण बोटीनं जर्मनीत हॅनोव्हरला जायचं आणि तबकड्या बनून इकडे यायच्या. लाख आपलीच, बरं का. तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळावं म्हणून गौहरजान शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगायची. अशा एकतर्फी तबकड्या आधीच थोड्या, त्यातल्या कितीतरी फुटल्या, कितीतरी अशाच माठाखाली.

कडेपासून एक केसाएवढी चीर होती. तिनं भाव बराच उतरतो, हे मी काकांना तिथंच सांगितलं. स्टीलची सुई मी हिला लावणार नव्हतो. दुकानात नेऊन हलक्या सुईवर लावली. प्रत्येक फेऱ्याला टक्, टक्. तीनेक मिनिटांनी तान थांबली आणि ठसक्यात आवाज आला, "माय नेम इज गौहरजान!" काका खुर्चीतून उठून उभेच राहिले.

संध्याकाळी काकूंचा फोन. "भैया, माठाखाली आता काय ठेवू?"

सॅनिटायझरवाल्या चारांतली एक दुसऱ्या दिवशी मीच जाऊन ठेवून आलो.