पदक लावायला कोट

थंडीच्या तोंडावर ट्रंकेतले लोकरीचे कपडे गच्चीत उन्हाला घालायचे, ही आमच्या घरची जुनी रीत. परवा दुपारी डांबरगोळ्यांच्या वासात ते पसरताना आईचा पुढून बटणांचा स्वेटर हाती आला, ज्याला ती कायम कार्डिगन म्हणत असे, आणि त्याच्याखाली वडिलांची माकडटोपी निघाली. कार्डिगन हा उमराव आणि इंग्रज ज्याच्या नावाने माकडटोपी ओळखतात ते बालाक्लावा बंदर, दोन्ही १८५३ ते १८५६ च्या, रशियाविरुद्ध ब्रिटन आणि त्याची दोस्त राष्ट्रे लढली त्या क्रिमियन युद्धातली. कपडे तसेच उन्हात टाकून मी लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकातल्या व्यंगचित्रांचा जाडजूड संग्रह काढून बसलो.

व्यंगचित्र पाहताना खालची ओळ आधी अंगठ्याने झाकायची, ही खोड मला वडिलांनी लावली. सकाळी वर्तमानपत्र आले की ते ओळीवर अंगठा दाबून विचारत, “सांग, काय म्हणतोय हा?” माझे उत्तर बहुतेक चुकायचे, पण ते ऐकून घेतल्याशिवाय अंगठा हलत नसे, मग चहा निवला तरी चालेल.

‘पंच’चा व्यंगचित्रकार जॉन लीच याचे फेब्रुवारी १८५५ मधले, याच युद्धावरचे चित्र असे झाकून पाहिले, तर बर्फात उभे असलेले दोन फाटके शिपाई तेवढे दिसतात आणि हसू मुळीच येत नाही. अंगठा काढल्यावर कळते, की एक जण सांगतो आहे, घरून चांगली बातमी आली, आपल्याला पदक मिळणार. आणि दुसरा म्हणतो आहे, फार उपकार झाले, कधीतरी ते लावायला कोटही मिळेल. १४ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात बालाक्लाव्यापाशी ‘प्रिन्स’ जहाज हिवाळी कपड्यांसकट बुडाले होते हे खरे, परंतु सगळे खापर वादळावर फोडता येत नाही, कारण बंदरात उतरलेला मालही काही मैलांवरच्या छावणीपर्यंत चिखलातून पोहोचत नव्हता. लॉर्ड कार्डिगन मात्र रात्री बंदरातल्या आपल्या यॉटवर झोपायला जात असे. जानेवारी १८५५ च्या अखेरीस या हलाखीच्या चौकशीच्या ठरावावर पंतप्रधान ॲबरडीनचे सरकार ३०५ विरुद्ध १४८ मतांनी पडले.

पण सरकार पडले म्हणून पदांचा बाजार उठला नाही. पायदळात आणि घोडदळात अधिकारपद विकत मिळे: पायदळात एन्साइन, म्हणजे सर्वांत खालचा अधिकारी, व्हायला ४५० पौंड, लेफ्टनंट कर्नल व्हायला ४,५००, हे झाले अधिकृत दर, वरचा मलिदा वेगळा. (तोफखान्यात ही सोय नव्हती, तोफेला घराणे कळत नसावे.) खुद्द कार्डिगनला १८३४ मध्ये एका रेजिमेंटच्या प्रमुखपदावरून दूर केले होते, तरी दोन वर्षांत पैसा आणि वजन यांच्या जोरावर त्याने दुसरी मिळवली. पंतप्रधान ग्लॅडस्टनचा युद्धमंत्री एडवर्ड कार्डवेल याने ही खरेदी बंद करायला घेतली ती १८७१ मध्ये, आणि उमरावांच्या सभागृहाने विधेयक अडवून धरल्यावर ज्या शाही फर्मानावर हा बाजार उभा होता ते फर्मानच राणीकडून रद्द करून घेण्यात आले. तेव्हा ‘पंच’ने शूर पण मठ्ठ तरुण गृहस्थांसाठी सूचना छापली, की ३१ ऑक्टोबरपर्यंत पद विकत घेता येईल, त्यानंतर मात्र त्याला लायक ठरण्याची क्रूर पाळी तुमच्यावर येईल. ही सूचना मला लीचच्या चित्राइतकीच आवडते, फक्त तिच्यात अंगठ्याला काही काम नाही.

वडिलांची नजर गेली, त्या शेवटच्या हिवाळ्यात ते माकडटोपी घालून खिडकीपाशी बसत. मी त्यांना चित्रात काय काय आहे ते सांगत असे आणि खालची ओळ ते ओळखत. त्यांचे उत्तर बहुतेक बरोबर यायचे. लीचचे चित्र तेव्हा माझ्याकडे नव्हते.