हाकू पॉन केला आणि चौथा आलो

मागच्या नोंदीत छाती फुगवून लिहिलं होतं की जपानी माजोंगमध्ये (चौघांचा टाइलचा खेळ) महिनाभर एकदाही चौथा आलो नाही. घ्या, लागली दृष्ट.

ओरास, म्हणजे खेळाचा शेवटचा डाव. मी दुसरा, २६,३०० वर. तिसरा २२,९००. ओया (त्या डावाचा डीलर) चौथा, १५,४००. कसलाही स्वस्त हात मारला की दुसरा नंबर खिशात. आलेला हात: २-४-९ मान, ३-६-८ पिन, १-५-७ सोऊ (हे आकड्यांचे तीन गट), तोन (पूर्व), शा (पश्चिम) आणि हाकूची, म्हणजे कोऱ्या पांढऱ्या टाइलची, जोडी. पहिल्याच फेरीत तोइमेनने (समोरच्याने) हाकू टाकला आणि डोकं चालायच्या आत माझं बोट पॉनवर (दुसऱ्याने टाकलेली टाइल घेऊन तीन सारख्यांचा उघडा संच करणं) गेलं होतं.

नवव्या फेरीत ओयाची रीची (आता एकच टाइल हवी, अशी घोषणा) आली तेव्हा मी अजून दोन शांतेनवर (हात तयार व्हायला दोन टाइल कमी), हातात एकही गेन्बुत्सू (त्या रीचीला पक्की सुरक्षित टाइल) नाही. ५ सोऊ टाकला. ओयाने त्यावरच हात पुरा केला: रीची, इप्पात्सू, पिन्फू, तान्याओ, डोरा (बोनस टाइल), असे पाच हान (हाताची किंमत मोजायचं एकक). गेले १२,०००. पुढच्या होन्बात (ओया जिंकल्याने पुन्हा झालेल्या डावात) तिसऱ्याने ओयाकडून हजाराचा हात उचलून खेळ आटोपला. मी १४,३०० वर, चौथा.

दोन रात्री रिप्ले उगाळतोय. आधी वाटलं ५ सोऊ चुकला. पण तिथे टाकण्यासारखं दुसरं होतंच काय? चूक आठ फेऱ्या आधीची. चार शांतेनचा हात पॉन करून तीनवर आणला खरा, पण उरलं काय, तर तीन कानचान (मधली टाइल हवी अशा जोड्या, जसं २-४) आणि जोडीचा पत्ता नाही. वर हाकू टेबलावर उघडा. त्या दोन टाइल हातातच राहिल्या असत्या तर? चारपैकी एक हाकू नदीत (टाकलेल्या टाइलमध्ये), दोन माझ्याकडे, म्हणजे बाहेर उरला एकच. त्यावर रोन व्हायचं (टाकलेल्या टाइलवर कुणी जिंकायचं) तर तान्की (जोडीच्या एका टाइलची वाट) हवा किंवा कोकुशी (तेरा वेगवेगळ्या टाइलचा दुर्मिळ हात). पहिला निभावला की दुसरा त्या रीचीला पक्का सुरक्षित. पावसात दोन वळणांची छत्री हातात होती, ती मी हजार पॉइंटला विकली.

मॉर्टलला (खेळ तपासणारा AI) रिप्ले दाखवला. मला त्याचा एकच राग आहे: काय टाकायचं ते सांगतो, का ते सांगत नाही. 'का' शोधायला शेवटी वही-पेन्सिलच.

म्हणून ठरवलं होतं, पुढचे ५० खेळ पहिला हाकू सोडायचा आणि दुसरा आला तरच पॉन. पण हे लिहितानाच लक्षात येतंय की हेही अर्धवट आहे. एकूण चारच हाकू. पहिला सोडला की पॉनसाठी उरतो एक, आणि तो कुणाच्या हातात किंवा मेलेल्या भिंतीत (बाजूला राखून ठेवलेल्या टाइलमध्ये) अडकला की बसा बोंबलत. शिवाय डोरा दाखवणारी टाइल चुन (लाल ड्रॅगन) असेल तर हाकूच डोरा. तेव्हा पॉन म्हणजे सरळ चार हान, ३० फूला (फू म्हणजे हाताचे बारीक गुण) ७,७००. तिथे कसला संयम? बंदी रद्द. नवा नियम: पॉननंतर हातात निदान एक र्यानमेन (दोन्ही टोकांनी पुरी होणारी जोडी, जसं ४-५) किंवा दोन सुरक्षित टाइल उरत असतील तरच तोंड उघडायचं. परवाच्या हातात दोन्हींच्या नावाने शून्य. तोन आणि शा होत्या, पण त्या मी तिसऱ्या फेरीपर्यंत फेकूनही दिल्या होत्या. (तीही चूकच. त्यावर पुढे कधीतरी.)

या कोऱ्या टाइलचं मला पहिल्यापासून वेड आहे. चिनीत ती 'बायबान', पांढरी पाटी. चुनवर 'मध्य', हात्सूवर (हिरवा ड्रॅगन) भरभराटीचं अक्षर, आणि हिच्यावर काहीच नाही, म्हणून ज्याने त्याने आपल्याला हवं ते लिहून घेतलं. हांगचौमध्ये ती धनदेवता, म्हणजे जोकर. अमेरिकन खेळात तिला साबणाची वडी म्हणतात आणि सालाच्या आकड्यांच्या हातात ती शून्य म्हणून बसते. सिचुआनमध्ये १०८ टाइलवर खेळतात, तिथे हिला दारातूनच परत पाठवलंय. मी मात्र आजवर तिच्यावर एकच गोष्ट वाचत आलो: 'एक हान'.

आता जरा बरी बातमी. मोपाई जमायला लागलं! डोळे मिटून अंगठ्याने हाकू दहापैकी दहा वेळा ओळखला. (सगळ्यात सोपी टाइल आहे, माहीत आहे. हसू नका.) १ पिनही बहुतेक वेळा. ६ आणि ९ मानचा मात्र अजून खिचडा. घरचा सेट जपानी, हाकू पूर्ण गुळगुळीत. मित्राच्या हाँगकाँगच्या सेटमध्ये हाकूला निळी चौकट आहे, त्यावर अंगठा साफ गोंधळला. स्वस्त सेट घेणाऱ्यांनो, आकारापेक्षा कोरीव कामाची खोली बघा. नुसत्या छापलेल्या टाइलवर मोपाई विसरा.

शनिवारी त्याच मित्राकडे खऱ्या टाइलवर चार हान्चान (पुरे खेळ) आहेत. नवा नियम तिथे पहिल्यांदा वापरणार. चौकटीवाला हाकू अंगठ्याने ओळखायची युक्ती कुणाकडे असेल तर शुक्रवारच्या आत सांगा.